तुमच्याकडे काय काय नाही?

"बनाना राईड आहे, जेट स्की आहे, पॅरासेलिंग आहे, घोडागाडी आहे. उंट आहे. शनिवारी रात्री डीजे आणि चुलीवरचं चिकन."

"छान. आणि काय काय नाही?"

"म्हणजे?"

"म्हणजे डीजे कुठल्या वारी नसतो? उंटाच्या गळ्यात घुंगरू आहेत का? असले तर रात्री काढून ठेवता का?"

पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

गेली तीन वर्षं एप्रिल लागला की मी हा उद्योग करतो. झाई-बोर्डीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत महाराष्ट्राला सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा आहे. त्यातला शंभर पावलांचा एक तुकडा मला चार दिवसांसाठी हवा असतो. अट एकच, तिथे काही नको. पण ‘काही नाही’ हा माल विकायला कोकणात कोणी तयार नाही. एकाने छातीठोकपणे सांगितलं, "शांत? अहो, इतकं शांत, की मागच्या आठवड्यात पुण्याहून चाळीस जण आले, रात्रभर नाचले, कोणी हूं की चूं केलं नाही!" दापोलीकडच्या एका काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "शांतता कशाला हवी हो? घरात कोणाचं काही झालंय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग या की बिनधास्त. आमच्याकडे अगदी घरच्यासारखं असतं."

आम्ही डोंबिवलीत राहतो. घरच्यासारखं, हीच तर अडचण आहे.

आमचा लेक दहा वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. (हा शब्द घडवणाऱ्याने लोकलमध्ये स्पीकरवर रील बघत बसलेला माणूस पाहिलेला नसावा.) त्याच्या आत्याने पुस्तकात बोट घालून त्याचं नाव काढलं, त्याचा अर्थ ‘घुमणारा नाद’ असा होतो. त्याला नाद अजिबात सोसत नाही. आत्याचं यावर म्हणणं, नाव बदला. मला वाटतं मिक्सर बदलणं सोपं पडेल.

थेरपिस्ट बाईंनी आम्हाला हे प्रकरण फार चांगलं समजावलं होतं, पण मी बँकेत असल्यामुळे मला ते बँकेच्या भाषेतच कळलं. आपल्या डोक्याच्या दाराशी एक शिपाई बसलेला असतो. पंख्याची घरघर, शेजारच्यांची भांडी, रस्त्यावरचा भंगारवाला, हे सगळे तो बाहेरच्या बाकावर बसवतो आणि कामाचा आवाज तेवढा साहेबांकडे सोडतो. आमच्या लेकाकडे हा शिपाई नाही. सगळे एकदम आत घुसतात आणि साहेबांच्या टेबलावर हात आपटतात. कुकरची शिट्टी, फुगा फुटणं, टाळ्या, ‘हॅपी बर्थडे टू यू’. मग साहेब टेबलाखाली जाऊन बसतात. लोक म्हणतात, किती हट्टी आहे.

समुद्राचं मात्र त्याच्याशी जमतं, हे आम्हाला योगायोगाने कळलं. तो सहा वर्षांचा असताना रत्नागिरीला एका लग्नाला गेलो होतो. बँडवाल्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि मी लेकाला उचलून जे पळालो तो थेट भाट्याच्या किनाऱ्यावर. दुपारचे अडीच वाजलेले, वाळूवर कुत्रंसुद्धा नव्हतं. तो सुरूच्या सावलीत मांडी घालून बसला, वाळूत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि तीन तास हलला नाही. समुद्राचा अर्ज एकच असतो. तोच मजकूर, तीच सही, दिवसभर येतो. साहेबांना त्याचा त्रास नाही. आम्ही लग्नाचं जेवण चुकवलं. मुलीकडच्यांनी ते मनात ठेवलंय.

त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "चला, प्रश्न सुटला. आता दर उन्हाळ्यात समुद्र!" मी असं काही म्हणालो की ती पाणी प्यायला आत जाते. तिथे आत नव्हतं, म्हणून ती पुन्हा लग्नात गेली.

पहिली स्वारी 2024 च्या मे महिन्यात नागावला. अलिबागच्या खालती, जवळ, मुंबई-गोवा महामार्गाचा फारसा संबंध नाही. (तो रस्ता 2011 पासून रुंद होतो आहे. रस्त्यांचीही काही मुलं उशिरा चालायला लागतात, पण त्यांना कोणी नाव ठेवत नाही.) निघण्याआधी नियमाप्रमाणे चित्रांची कार्डं केली. पुढे काय होणार हे आधी दिसलं की त्याला बरं वाटतं. पहिलं कार्ड गाडीचं, दुसरं समुद्राचं, तिसरं स्टीलच्या डब्यातल्या दहीभाताचं, वेळ साडेबारा. समुद्राचं कार्ड मी स्वतः रंगवलं. वर निळं, खाली पिवळं. चित्रकलेत मला एवढंच येतं.

नागावला गाडीतून उतरलो तेव्हा किनाऱ्यावर चारचाकी बाईक वाळू उडवत चालल्या होत्या, घोडागाड्यांचे खुळखुळे वाजत होते, वर आकाशात एक काका छत्रीला लटकून खाली उभ्या असलेल्या बायकोशी बोलत होते. लेकाने कार्ड काढलं. कार्डाकडे पाहिलं, समोर पाहिलं. पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

"हे नाही," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

पोराचं चुकलं कुठे? माझ्या चित्रात एकही उंट नव्हता.

तरी मी हरलो नाही. कानांवर त्याचे नारिंगी मफ चढवले, भिंतीला ड्रिल मारणारे कामगार घालतात ते, आणि त्याला कडेकडेने नेलं. पन्नास पावलांत सात जणांनी विचारलं, "काय ऐकतोय बाळ?" पूर्वी मी थांबून सगळं समजावून सांगायचो. आता सांगतो, "भीमसेन." लोक खूश होतात. "व्वा, याला म्हणतात संस्कार!" तेवढ्यात राईडवाला पोऱ्या आडवा आला. "दादा, पाच राईड पाचशे! लाईफ जॅकेट फ्री! बच्चा खूश!" तो आमच्याबरोबर किनाऱ्याच्या टोकापर्यंत चालत आला आणि हेच वाक्य अकरा वेळा म्हणाला.

इथे एक खुलासा. आमचा लेक स्वतःहून फार बोलत नाही, पण ऐकलेली वाक्यं साठवतो आणि योग्य वेळी बाहेर काढतो. योग्य वेळ कुठली, ते तो ठरवतो. एका चुलत काकांबद्दल मी कधीतरी स्वयंपाकघरात कुजबुजलो होतो, "हा माणूस आता जेवल्याशिवाय हलायचा नाही." चार महिन्यांनी काका पुन्हा आले, लेकाने दार उघडलं आणि माझ्याच आवाजात, माझ्याच चालीत त्यांचं स्वागत केलं. काका जेवले नाहीत. तेव्हा ‘पाच राईड पाचशे’ हे वाक्य आमच्या घरात मुक्कामाला आलंय, एवढं मला त्याच दिवशी कळलं. पुढे ते सोसायटीच्या सत्यनारायणाला, आरती संपून सगळे स्तब्ध उभे असताना निघालं. दोन जणांनी चौकशीही केली.

नागावच्या मुक्कामात सल्लेही बरेच मिळाले. पलीकडच्या खोलीत ठाण्याच्या एक मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "काही काळजी करू नका. माझ्या नणंदेचा पुतण्या असाच होता. सहा वर्षांचा होईपर्यंत शब्द नाही. आता कुठे आहे माहितीये? न्यू जर्सीत!" मला आजवर अशा चौदा पुतण्यांची आणि भाच्यांची हकीकत सांगण्यात आली आहे, चौदाच्या चौदा अमेरिकेत आहेत. लहानपणी बोलले नाहीत ते तिकडे गेले, खूप बोलले ते इथे राहिले. लोकसंख्येची ही वाटणी कोणी मुद्दाम केली असेल तर त्याला माझा नमस्कार. लेक मावशींचं सगळं ऐकून घेत होता. पाकिटातून त्याने ‘संपलं’ असं लिहिलेलं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "अय्या, खाऊ संपला का रे?" आणि लाडू आणायला गेल्या.

दुसऱ्या वर्षी मी अभ्यास करून निघालो. जिथे जनावरांसाठी शांतता पाळतात तिथे माणसाच्या पोरालाही ती मिळेल, असा माझा हिशेब. म्हणून परीक्षा संपताच एप्रिलमध्ये बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी घातली, वेसवीला उतरलो आणि वेळासला गेलो. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. मुलांच्या क्लासचं वेळापत्रक वगैरे काही नाही. गावातले कार्यकर्ते ती अंडी सांभाळतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

सूर्योदयाला आम्ही किनाऱ्यावर हजर. दोरीच्या अलीकडे दोनेकशे माणसं. कार्यकर्त्याने हळू आवाजात विनंती केली, कृपया शांतता राखा. ती पहिल्या रांगेने ऐकली आणि मागे वळून दुसऱ्या रांगेला जोरात सांगितली. दुसरीने तिसरीला त्याहून जोरात. शेवटच्या रांगेत एक गृहस्थ दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "ओ, शांऽऽतता राखाऽऽ!" त्यावर तीन तान्ही मुलं रडू लागली, त्यांना गप्प करायला तीन आज्या गाऊ लागल्या आणि एका मोबाइलमधली बाई म्हणाली, ‘पुढे डावीकडे वळा.’

या गदारोळात टोपलीखालून पिल्लं निघाली. तळहाताहूनही लहान. कोणाकडे बघितलं नाही, कोणाच्या हाकेला ओ दिली नाही, दोनशे मोबाइल रोखलेले असताना मान खाली घालून सरळ पाण्याकडे चालत राहिली. लेक मफ घालून अगदी दोरीशी उभा होता. त्याने हात फडफडवले. खूश झाला की तो तसं करतो. एक पिल्लू मध्येच थांबलं, तोही श्वास रोखून थांबला. पिल्लू चाललं, तोही दोन पावलं सरकला. सगळी पाण्यात गेली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, लेक खाली बसला आणि समुद्राकडे बघत म्हणाला, "मी पण."

शेजारच्या बाई कौतुकाने म्हणत होत्या, "बघितलंत, इकडे तिकडे बघणं नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आपला मार्ग सोडत नाहीत! किती गोड!" दहा मिनिटांपूर्वी याच बाईंनी बायकोला विचारलं होतं, हा नजरेला नजर का देत नाही हो?

वेळास छान होतं. पण रोज पहाटे दोनशे माणसांच्या शांततेत उठायचं म्हणजे मिक्सर परवडला. दुसऱ्या दिवशी परतलो.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो फोन लागला. गुहागर तालुक्यातलं एक गाव. मी नेहमीचा प्रश्न टाकला. पलीकडचा माणूस खिन्नपणे म्हणाला, "आमच्याकडे काहीच नाही हो." मला भरून आलं. चार दिवसांचे पैसे त्याच संध्याकाळी पाठवले.

खरंच काही नव्हतं. माड, वाळू, एक उलटी घातलेली होडी. लेक पहिल्या दिवशी चार तास वाळूत बसला, साडेबाराला दहीभात खाल्ला, पुन्हा बसला. बायको पुस्तक वाचत होती, तेही सलग. मी झोपाळ्यावर पडून भावाला मेसेज केला, ‘सापडलं.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता टेंपो आला. त्यातून बांबू उतरले, मग हॅलोजन, मग माणसाएवढे आठ स्पीकर.

"तुम्ही तर म्हणालात काहीच नाही!"

"आमच्याकडे नाहीच. हे मंडळाचं आहे." मालक म्हणाले. "प्रकाशझोतातल्या अंडरआर्म क्रिकेट स्पर्धा. बत्तीस संघ. मुंबईहून पोरं येतात. तुम्ही नशीबवान."

मे महिन्यात कोकणात चाकरमानी आला की आंबा, फणस आणि क्रिकेट तिन्ही एकदम पिकतात. त्यातलं क्रिकेट लाऊडस्पीकरवर पिकतं. ‘आणि फलंदाजाने चेंडू उंच टोलवलेला आहे... चेंडू माडात गेलेला आहे... चेंडू अजून माडातच आहे... आणि आता नारळासह खाली आलेला आहे!’ दर षटकानंतर देणगीदारांची नावं. दर दोन षटकांनी, विहिरीपाशी लावलेली लाल दुचाकी कोणाची आहे त्याने ती काढावी. लेक पलंगाखाली, त्याच्यावर दोन गाद्या, गाद्यांवर आई.

मी तिला म्हणालो, "मी बोलून येतो. शेवटी माणसंच आहेत."

मंडपापाशी पोचलो. मला बघून निवेदक उभा राहिला. मी तोंड उघडायच्या आत त्याने जाहीर केलं, "डोंबिवलीहून खास स्पर्धेसाठी आलेल्या क्रीडाप्रेमी साहेबांचं मंडळातर्फे हार्दिक स्वागत!" खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. समोर माईक धरला. मी धीर करून म्हणालो, "आवाज जरा..."

"आवाज कमी येतोय का? ए, वाढव रे!"

टाळ्या पडल्या. पुढचं मला नीट आठवत नाही. पावतीवर 501 रुपये लिहिलेले आहेत आणि खाली सही माझी आहे.

खोलीत आलो. गादीवरून बायकोने शालीकडे पाहिलं, मग नारळाकडे.

"बोललास?"

"बोललो."

तेवढ्यात आठ स्पीकरमधून माझं नाव, गावासह आणि रकमेसह. त्या दिवसात सहा वेळा आलं. पुढे सहा महिने आमच्या घरी बेल वाजली की लेक निवेदकाच्या आवाजात ‘हार्दिक स्वागत’ करत असे आणि शेवटी रक्कम सांगत असे. पेपरवाल्याला वाटलं, बिल वाढलंय.

दुपारी मी लेकाला घेऊन किनाऱ्याच्या पार टोकाला, त्या उलट्या होडीच्या सावलीत जाऊन बसलो. तिथे एक म्हातारे बाबा जाळं शिवत होते. त्यांना या गोंगाटाचं काही नव्हतं, कारण ऐकायलाच कमी येत होतं. त्यांना मी माझी कर्मकहाणी ओरडून सांगितली. बाबा म्हणाले, "जागा काय बघताय? तिथी बघा."

भरतीची वेळ काढायचा त्यांचा हिशेब असा. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला आणि अवसेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मग सहा तास मागे-पुढे ओहोटी. रोज पाऊण-एक तासाने सगळं पुढे सरकतं. मी वीस वर्षं चक्रवाढ व्याज काढतोय, पण समुद्राचा हप्ता असा तोंडी काढणारा माणूस पहिल्यांदा बघितला. म्हणजे अवसेच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी पाणी लांब जातं, उधाणाच्या दिवसांत तर फारच लांब. किनारा मैदानाएवढा होतो.

"आणि माणसं?" मी ओरडलो.

"अवसेला कोण फिरकतंय?" बाबा सुई ओढत म्हणाले. "भुताला भितात."

घरी येऊन मी 2026 सालचं कॅलेंडर छापून येण्याची वाट बघत बसलो. आलं त्या दिवशी मे महिना उघडला आणि मला दरदरून घाम फुटला. 16 मे, वैशाख अमावास्या. वार शनिवार. आणि 17 मेपासून 15 जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. म्हणजे महिनाभर लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, हळद नाही. हळद नाही म्हणजे डीजे नाही! मी वर्षानुवर्षं नकाशात शांतता शोधत होतो, ती पंचांगात दबा धरून बसली होती. बत्तीस-तेहतीस महिन्यांतून एकदा येणारा, कोणालाच नको असलेला महिना, तो नेमका मे-जूनमध्ये. त्यात प्रवास शनी अमावास्येला. याहून वाईट दिवस पंचांगकर्त्यालाही काढता आला नसता.

आईने तीन दिवस अबोला धरला. (शांततेची ही सुरुवातच म्हणायची.) चौथ्या दिवशी म्हणाली, "शनिवार, अमावास्या आणि समुद्र. तुला दुसरं काही सुचलं नाही?" सासूबाईंची तक्रार वेगळी होती. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचं असतं. जावई समुद्रावर जाऊन बसला तर द्यायचं कोणाला? तोड निघाली. निघताना त्यांनी तेहतीस अनारशांचा डबा हातात दिला आणि बजावलं, "सतरा तारीख लागल्याशिवाय उघडायचा नाही."

दिव्याहून सकाळी सावंतवाडी गाडी पकडली. मे महिन्यात त्या गाडीत तिघांनाही शेजारी-शेजारी बसायला जागा मिळाली, यावरून शनीचा दरारा कळावा. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यात गाडी शिरली की डब्यातली पोरं किंचाळतात आणि पोरांचे बाप शिट्ट्या मारतात, का ते कोणाला माहीत नाही. लेकाने मफ घट्ट धरले आणि बाहेर उजेड दिसताच ‘संपलं’चं कार्ड समोरच्या शिट्टीवाल्या गृहस्थांना दिलं. त्यांनी ते उलटसुलट बघून बायकोला विचारलं, "तिकीट आहे का?"

कुडाळला उतरून रिक्षाने वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावी. गावाचं नाव मी लिहिलं होतं, बायकोने खोडलं.

रविवारी पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर गेलो. पाणी इतकं मागे गेलं होतं की आधी वाटलं, अजून उघडायचं आहे. ओली वाळू, तिच्यावर खेकड्यांनी गोळ्यांची नक्षी काढून ठेवलेली. माणूस नाही, घोडा नाही, उंट नाही. लेकाने पाकिटातून कार्ड काढलं. तीन वर्षांत त्याचे कोपरे झिजलेत. कार्डाकडे पाहिलं, समोर पाहिलं.

"हे," तो म्हणाला.

मफ काढून त्याने आईच्या हातात दिले आणि ओल्या वाळूत जाऊन बसला.

आता खरं तर आम्हीही बसायला हवं होतं. पण तीन वर्षं शोधलेली शांतता हाताला लागल्यावर तिचं करायचं काय, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. बायको म्हणाली, "किती शांत आहे ना!" मी म्हणालो, "फारच शांत." पाच मिनिटांनी मी म्हणालो, "किती शांत आहे!" ती म्हणाली, "तेच तर." मग मी भावाला व्हिडिओ कॉल लावला. रेंज नीट नव्हती म्हणून ओरडावं लागलं, "बघ! दिसतंय का? किती शांऽऽत आहे!" बायकोने खूण केल्यावर फोन ठेवला. हाताला काही चाळा हवा म्हणून अनारशांचा डबा उघडला. सतरा तारीख लागली होती.

सासूबाईंचे अनारसे फार कुरकुरीत होतात. पहिला घास घेतला तेव्हा त्या संपूर्ण किनाऱ्यावर तो एकच आवाज झाला. दुसऱ्या घासाला लेक उठला, शांतपणे आईकडे आला, मफ घेतले, कानांवर चढवले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. उरलेले बत्तीस मी चार दिवसांत चहात बुडवून संपवले.

निघायच्या दिवशी मालकांना म्हणालो, पुढचा अधिक महिना 2029 साली चैत्रात येतोय, तेव्हाची खोली आत्ताच आमच्या नावावर लिहून ठेवा. त्यांना फार आनंद झाला. वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "यंदा तुमका काय नाय मिळाला, माका माहीत असा. पण पुढच्या टायमाक बघा. बनाना राईड येतली, बोटीचो अर्ज केलंय. फक्त रेट काय लावचो, ता समजत नाय."

लेक बॅगेवर बसून बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "पाच राईड पाचशे. लाईफ जॅकेट फ्री."

मालकांनी लिहून घेतलं.